पायाखालची अक्षरं

परवा माझ्या नातीच्या हातून मोबाईल निसटला आणि तो उचलायला जाताना तिचा पाय त्याला लागला. तिने लगेच मोबाईलला हात लावून तो कपाळाला नेला. मोबाईलवर ती अक्षरं गिरवत होती. काचेवर ठिपक्याठिपक्यांचं अक्षर उमटतं, पोरगी त्याच्यावरून बोट फिरवते, बोट नीट गेलं की आतली बाई ‘शाब्बास’ म्हणते आणि फुगे उडतात. बोट रेषेबाहेर गेलं की बाई नुसती गप्प बसते. मारत नाही, रागावत नाही, नाक घासायला लावत नाही. मी म्हटलं, ‘‘काऊन वं, पाया कोणाच्या पडून राह्यली?’’ तर म्हणते, ‘‘आजी, त्यात अक्षर होतं ना!’’ हे तिला कोणी शिकवलं, देव जाणे. मी शिकवलेलं नाही आणि तिच्या आईने तर मुळीच नाही. तिची आई पुण्याकडची, तिला माझ्या ‘काऊन’चंच हसू आवरत नाही. पण पोरीचा तो कपाळाला गेलेला हात पाहिला आणि मला आमचं वडनेरचं अंगण आठवलं. तो दिवस मी कित्येकदा लिहायला घेतला आणि सोडून दिला.  आता मात्र लिहूनच टाकते.

वडनेर भोलजीला आमचं घर रस्त्यापासून थोडं आत होतं, पण हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न स्वयंपाकघरात बसून ऐकू येत. घरासमोर भलंमोठं अंगण. कापसाच्या दिवसांत तिथे गाड्या येऊन उभ्या राहत, म्हणून ते बाबांचं समजलं जाई, पण खरं म्हणाल तर ते मायचं होतं. माय म्हणजे माझी आई. चोपून चोपून तिने ते असं टणक केलं होतं की सांडलेली ज्वारी दाणा न् दाणा वेचून घेता येई. पहाटे तिच्या बांगड्यांचा आवाज, बादलीच्या कडीचा आवाज आणि ओल्या शेणामातीचा वास या तिन्हींनी मी जागी होई. माय शाळेत गेलेली नव्हती. अक्षराशी तिचा संबंध एवढाच की बाबांची पोथी सोवळ्याच्या फडक्यात बांधायची, उलगडायची आणि तिच्या आसपास झाडताना केरसुणी लागू द्यायची नाही. बोलायची फार कमी. तिचा राग तोंडातून कधी निघत नसे, परातीतून निघे. ज्या दिवशी भाकरी थापण्याचा आवाज ओसरीपर्यंत येई, त्या दिवशी बाबासुद्धा मुकाट्याने ठेचा-भाकर खाऊन शेताकडे निघून जात.

त्या वर्षी उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं आणि सुमनवहिनी घरात आली. ती देऊळघाटची, बुलढाण्याला राहून बालवाडी शिक्षिकेचं शिक्षण घेतलेली. दादा मलकापूरला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होता. सकाळच्या एसटीने जायचा, दिवे लागल्यावर यायचा आणि दोन्ही वेळा आपण या घरात नसल्यासारखा वागायचा. आता इतक्या वर्षांनी त्याच्यावर चिडून काय करू, पण चिडते. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. पुढे शिकवायचं की उजवायचं हे माझ्याबद्दल कोणी तरी ठरवणार होतं आणि ते होईपर्यंत मी वहिनीच्या मागे मागे फिरत होते. वहिनी मायला आत्याबाई म्हणे आणि बाबांना मामाजी. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, आवाज कधी चढला नाही, पण मनात आलेली गोष्ट तोंडाने सांगितल्याशिवाय तिला जेवण जात नसे. आमच्या घरात ही चीज नवी होती.

दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली. गावातल्या बाया सकाळी कापसासाठी कमरेला ओटी बांधून निघत आणि लहान पोरं बरोबर नेत. वहिनीने बाबांना विचारलं, ‘‘मामाजी, दुपारलोक आंगन मले द्या. पोट्टे अठीच बसतीन, बाया निवांत वेचतीन.’’ बाबा तसे भल्या मनाचे. म्हणाले, ‘‘घे. पर गाड्या आल्या का आंगन खाली पाह्यजे.’’ झालं, दुसऱ्या दिवसापासून अंगणात नाकं गळणारी, चड्डीची नाडी तोंडात धरलेली फौज बसायला लागली. माय पोरांसाठी रोज शेंगदाणे भाजून, गुळाचे खडे फोडून परडीत ठेवायची आणि परडी जरा जोरात आपटायची.

सुरुवातीला सगळं पाटीवरच चाललं. वहिनी पाटीवर ठळक अक्षर काढून देई आणि पोरं पेन्सिलीने त्याच्यावरून गिरवत. ग, म, भ, न. गिरवून गिरवून अक्षर असं जाड होई की ते कोणतं हेच ओळखू येत नसे. बहुतेकांना हळूहळू जमलं. जमेना ते पिंट्याला. पिंट्या शेजारच्या द्वारकाबाईंचा नातू, पाच वर्षांचा, नवसाचा. द्वारकाबाई म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. त्यांच्या शब्दावर अर्ध्या गावातल्या बाया उठत-बसत. पेन्सिल हातात आली की या पोराच्या तळव्याला घाम सुटे. एवढी दाबून धरी की तिचे तुकडे होत. वहिनी हात धरून गिरवून घेई तोवर अक्षर व्हायचं, हात सोडला की वेड्यावाकड्या रेघोट्या. घरी त्याचा काका पाटी पाहायचा आणि कान पिळायचा. सकाळी लालभडक कान घेऊन पोरगं यायचं आणि पाटी दिसली की पोट दुखतंय म्हणून कोपऱ्यात बसायचं. वहिनीला जेवण जाईना. मला म्हणाली, ‘‘याचा हात भेलाय. हाताले सोडून द्याव लागते काही दिवस.’’ मला काही कळलं नाही. हाताला सोडून लिहिणार कशाने?

ते कळलं पुढच्या शनिवारी. शनिवारी माय अख्खं अंगण सारवायची. ती एक बाजू सारवून पुढे सरकली आणि तिच्या मागे वहिनी तुऱ्हाटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, घेऊन वाकली. ओल्या सारवणात तिने माणूस आडवा झोपेल एवढा मोठा ‘ग’ ओढला. मग नदीतला एक गुळगुळीत गोटा घेऊन त्या रेषेवरून दाबत दाबत नेला आणि पोराचं पाऊल बसेल अशी खोलगट वाट केली. ‘ग’नंतर ‘म’, ‘म’नंतर ‘भ’, मग ‘न’. माय कमरेवर हात ठेवून पाहत होती. ‘‘माह्या आंगनाले कायले घावं करून राह्यली?’’ एवढंच म्हणाली. उन्हाने सारवण वाळलं तशी अक्षरं पक्की झाली. वहिनीने चुलीतली राख चाळून त्या वाटांमध्ये भुरभुरली. सोमवारी पोरं आली तर तिने आधी सगळ्यांचे पाय धुतले, पुसले आणि एकेकाला ‘ग’च्या डोक्यावर उभं केलं. वरून खाली चालत यायचं, वळायचं, तिथे थांबायचं. मग उडी मारून कान्याच्या माथ्यावर आणि तिथून सरळ खाली. शेवटी डोक्यावरची आडवी रेघ. पाऊल वाटेबाहेर पडलं की राखेचा पांढरा ठसा जमिनीवर उमटे आणि पोराला आपलं आपल्यालाच कळे. त्या उडीसाठी पोरं रांगेत ढकलाढकली करत. पिंट्या पहिले दोन दिवस नुसता पाहत राहिला. तिसऱ्या दिवशी उतरला आणि मग काही त्याला बाहेर काढता येईना. चालायचा आणि तोंडाने पुटपुटायचा, ‘‘खाली, वळ, थांब, उडी, खाली.’’ एका सकाळी कोणी सांगितलं नसताना त्याने कोपऱ्यातली पाटी ओढली, तेच पुटपुटत ‘ग’ काढला आणि वहिनीच्या मांडीवर आणून टाकला. वहिनी रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू. त्या दिवशी परडी आपटल्याचाही आवाज आला नाही.

द्वारकाबाई आल्या त्या दिवशी पोरांची चालण्याची वेळ होती. त्या तशा कधी यायच्या नाहीत. मायकडे विरजण मागायला म्हणून वाटी घेऊन आल्या आणि फाटकातच थबकल्या. पिंट्या ‘भ’वर उभा होता, पायाला राख, चेहरा हसरा. त्यांना आधी नीट समजलंच नाही. मग जमिनीवर काय आहे ते ओळखू आलं. त्यांनाही वाचता येत नव्हतं, पण अक्षर आहे एवढं कळायला वाचता कशाला यायला हवं? ‘‘आवं माय वं!’’ त्या ओरडल्या. ‘‘सरस्वतीवर पाय! पोट्टे सरस्वतीवर नाचून राह्यले आन् तुमी पाहून राह्यल्या!’’ वाटी तिथेच ठेवून त्या पुढे आल्या, पण अक्षरांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेने, लुगडं सावरत. पिंट्याला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि त्याची मान दाबून त्याचं नाक जमिनीवर घासलं. एका अक्षरापुढे, मग दुसऱ्या. पोरगं आधी हसलं, त्याला खेळ वाटला. मग नाकाचं साल निघालं तसं भोकाड पसरलं. बाकीची पोरं भिंतीला चिकटली.

‘‘त्याले काऊन शिक्षा?’’ वहिनी मध्ये जाऊन उभी राहिली. ‘‘शिकवलं म्या. नाक घासाचं तं मी घासतो.’’

‘‘तुले काय सांगू वं, तू शिकेल-सवरेल बाई! आमी कागदाले पाय लागला तं पाया पडतो. तुह्या घरी हेच शिकवलं काय?’’

‘‘पाय धुतल्याबिगर एकालेबी उतरू देत नाही मी, बाई. हातानं गिरवलं तं चालते, मंग धुतल्या पायानं काऊन नाही?’’

 द्वारकाबाईंनी मायकडे पाहिलं. माय दारात उभी होती. सुनेची बाजू घेतली नाही आणि द्वारकाबाईंचीही घेतली नाही. नुसती फाटकातली वाटी उचलून आत गेली, तीत विरजण घातलं, आणून त्यांच्या हातात दिली. त्या संध्याकाळी भाकरी थापण्याचा आवाज फाटकापर्यंत येत होता.

दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं आली, तिसऱ्या दिवशी त्याहून कमी. आणि मग कळलं की पिंट्याचं अंग तापलंय. आधी वाटलं उतरेल. उतरलं नाही. थंडी वाजून यायची, दात वाजायचे, चार-चार गोधड्या घातल्या तरी पोरगं कुडकुडायचं, आणि मग असा ताप चढायचा की बरळायचं. बरळायचं काय, तर ‘‘खाली, वळ, थांब, उडी.’’ झालं. गावभर झालं. अक्षरावर पाय दिला आणि अक्षरंच पोराच्या तोंडून बोलायला लागली. मी नळावर गेले की बाया हंडे घेऊन बाजूला सरत. हे लिहिताना आज हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. तेव्हा मला स्वतःलाही भीती वाटत होती. मॅट्रिक झालेली मी, रात्री अंथरुणात पडून अंगणातल्या अक्षरांना मनातल्या मनात हात जोडत होते की पोराला बरं करा. वहिनीपाशी हे बोलायची सोय नव्हती. ती दिवसातून दोनदा द्वारकाबाईंच्या दारात जाई. दार उघडत नसे.

शेवटी एका सकाळी द्वारकाबाई आमच्या अंगणात आल्या. बरोबर पिंट्याचा काका, त्याच्या खांद्यावर गोधडीत गुंडाळलेलं पोर. ओठ पांढरे, डोळे अर्धे उघडे. रस्त्यावर जीप उभी होती, मलकापूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. द्वारकाबाईंचा आवाज बसला होता. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बाबांपुढे उभ्या राहून हळू म्हणाल्या, ‘‘भाऊ, तुमी पोथी वाचता. तुमीच सांगा. माह्या लेकराले काही झालं तं कोणाच्या डोकश्यावर?’’

 बाबांनी डोक्याला रुमाल गुंडाळला आणि म्हणाले, ‘‘मीबी येतो संगं.’’ मग ते वहिनीकडे वळले. दादा डबा हातात घेऊन एसटीला निघाला होता, तोही तिथेच अडकला.

‘‘सूनबाई, वाद नोको. संध्याकाळी मी येईन तवा हे आंगन साफ पाह्यजे. एकबी अक्षर दिसलं नाही पाह्यजे. पोट्ट्यांचं हे सारं बंद.’’

वहिनी खाली मान घालून उभी होती. मला वाटलं, आता ती हो म्हणेल. म्हणायलाच हवं होतं, दुसरा मार्गच नव्हता. ती म्हणाली, ‘‘मामाजी, पोट्ट्याले बरं वाटो. पर हे म्या काढले. मी नाही पुसणार.’’

सासऱ्याला असं कोणी बोलल्याचं मी त्या घरात ऐकलं नव्हतं. बाबा मग दादाला म्हणाले, ‘‘आज कामावर जाऊ नोको. मी आल्यावर आंगन असंच दिसलं तं हिले देऊळघाटले पोचवून दे. तिकडंच शिकव म्हना.’’ आणि ते जीपकडे गेले. जाताना अक्षरांना वळसा घालून गेले. दादाने डबा खुंटीला अडकवला आणि गोठ्यात जाऊन बसला. दिवसभर तिथेच होता तो, बैलांना काय सांगत होता कोण जाणे.

देऊळघाटला पोचवून देणं म्हणजे काय, हे आजच्या पोरींना समजावून सांगावं लागेल. चार दिवस माहेरी जाऊन यायचं असं ते नव्हतं. सासऱ्याने भरल्या अंगणात सांगून पाठवलेली सून परत आणायला पुन्हा सासऱ्यालाच जावं लागे, आणि आमचे बाबा आपला शब्द गिळणाऱ्यांतले नव्हते. पोराला काही झालं असतं तर तिला परत आणण्याचा प्रश्नच मिटला होता. वहिनी हे सगळं समजून होती. ती आत गेली, तिची कापडी पिशवी भरली, ओट्यावर आणून ठेवली आणि तिच्याशेजारी बसली. मी तिला म्हटलं, ‘‘वहिनी, मी पुसू काय? तुह्या हातानं नाही, माह्या हातानं.’’  आतून मायचा आवाज आला, ‘‘तू हात लावू नोको. माहं आंगन हाये.’’

माय शेणाची बादली आणि टोपलीभर पांढरी माती घेऊन आली. त्या सकाळी एकही पोर आलं नाही. बाया पोरांना पाठीशी बांधून वेचणीला गेल्या. गावातल्या पिठाच्या चक्कीची फट्फट् तेवढी चालू होती. मायने माती भिजवली आणि पहिल्या ‘ग’पाशी बसली. खोलगट वाट नुसत्या सारवणाने बुजणार नव्हती. त्यात आधी ओली माती दाबून भरायची, मग वरून हात फिरवायचा. तिने मुठीत माती घेतली आणि कान्याच्या तळापासून वर ढकलत ढकलत नेऊ लागली. वहिनी ओट्यावरून पाहत होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. माय वर पोहोचली, मग गोल भागाकडे वळली आणि तिथेही शेपटाकडून सुरुवात केली. आणि वहिनीच्या तोंडून निघून गेलं, ‘‘आत्याबाई, तिकून नोका. वरून या.’’

मायचा हात थांबला.  आता बादली उलटते की काय असं वाटलं. मायने मागे न पाहताच म्हटलं, ‘‘मले पुसाचं हाये. लिहाचं नाही.’’

‘‘हो,’’ वहिनी म्हणाली. ‘‘चुकलं.’’

माय तशीच बसून राहिली. हातातली माती वाळायला लागली तरी बसूनच होती. मग तिने भरलेला भाग पुन्हा उकरला. चारही बोटांनी माती बाहेर काढली, वाट मोकळी केली, ‘ग’च्या माथ्याशी सरकली आणि तिथून माती दाबत खाली यायला लागली. खाली आली, वळली, थांबली. वहिनीकडे पाहिलं नाही, विचारलंही नाही. इतके दिवस स्वयंपाकघरात बसून तिने ते पुटपुटणं ऐकलंच होतं ना. कान्याच्या माथ्यावर हात उचलून ठेवला आणि सरळ खाली आणला, मग डोक्यावरची आडवी रेघ भरली. अक्षर बुजलं. त्यावरून ओला हात फिरवून तिने ते सपाट केलं.

‘म’पाशी गेल्यावर मात्र अडली. पोरांची बडबड तिने ऐकली होती ती ‘ग’ची, ‘म’ची वळणं तिला ठाऊक नव्हती. थोडा वेळ हात वर-खाली केला. मग म्हणाली, ‘‘हे कोठून?’’

वहिनी उठून आली. पदर खोचून मायच्या शेजारी उकिडवी बसली आणि बोटाने दाखवलं. ‘म’ झाला. ‘भ’ला माय चुकली. वहिनीने तिच्या मनगटाला धरून हात मागे आणला, पुन्हा माथ्यावर ठेवला. मी ओट्यावर बसून पाहत होते. सासू-सुना एकमेकींशी अक्षराशिवाय एक शब्द बोलत नव्हत्या. खूप वर्षांनंतर, माय खाटेला खिळली होती तेव्हा, मी तिला विचारलं होतं की त्या दिवशी तुला झालं होतं तरी काय. ती म्हणाली, ‘‘हाताले बरं वाटलं.’’ 

नेहमी जे अंगण मायच्या हाताखाली झपाझप सरकायचं, ते पुरं होईपर्यंत त्या दिवशी उन्हं कलली. सगळी अक्षरं गेली. सारवण एकसारखं, कुठे एक ओरखडा नाही. वहिनीने हात धुतले, पिशवीपाशी जाऊन बसली. अंगण साफ झालं होतं, पण पुसणार नाही हे तिचं बोलणं हवेत तसंच होतं. शिवाय मलकापूरहून काय बातमी येते त्यावर सगळं टांगलेलं होतं. जेवायचं कोणाला सुचलं नाही. सकाळची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर दुरडीत तशीच होती. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की आम्ही तिघी माना वर करत होतो, आणि ट्रक निघून गेला की पुन्हा खाली. अंधारून यायला लागलं तशी माय उठली. मला वाटलं, दिवा लावायला उठली. ती ओट्याच्या पायरीपाशी खाली बसली. तिथलं सारवण सगळ्यात शेवटी झालं होतं, अजून ओलं होतं. तिने एक बोट त्यात रोवलं.

आम्ही दोघी पाहत होतो. बोट वरून खाली आलं, वळलं, थांबलं. उचललं गेलं. मग सरळ खाली. शेवटी आडवी रेघ, तीही तिरपी. भाकरीएवढा ‘ग’, गोल भाग फार मोठा, कान्याला बाक आलेला. माय मान कलती करून त्याच्याकडे पाहत राहिली. वहिनी कुजबुजली, ‘‘आत्याबाई, मामाजी येतीन.’’ माय म्हणाली, ‘‘येऊ दे.’’ पोरगं जिवंत आहे की नाही हे तेव्हा आमच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

जीपचा आवाज आला. फाटक वाजलं. बाबा एकटेच आत आले, दमलेले, रुमाल खांद्यावर.  वहिनी उभी राहिली. बाबा अंगणाच्या मध्यावर थांबून म्हणाले, ‘‘मलेरिया निघाला. सुई टोचली, सलाईन लावलं. उतरला ताप. पोट्टं दूध पेलं.’’ वहिनी पदर तोंडात कोंबून रडायला लागली. गोठ्याच्या दारात दादा येऊन उभा राहिला होता. बाबांनी अंगणावर एक नजर फिरवली. सगळीकडे स्वच्छ होतं. मान हलवून ते ओट्याकडे निघाले आणि पायरीशी येऊन उचललेला पाय त्यांनी तसाच मागे घेतला. वाकून पाहिलं.

‘‘हे कोनं काढलं?’’

आवाज चढला होता. त्यांची नजर वहिनीवर गेली, तिथून पिशवीवर, मग माझ्यावर. वहिनीने तोंडातला पदर काढला, ती काही बोलणार होती. त्याच्या आत मायने कोपराला वाळलेलं शेण खरवडत म्हटलं,

‘‘म्या काढलं. ओलं हाये अजून, पाय नोका देऊ.’’